जू बांधायचं कधी

आमोण्यात भर जुलैतली दुपार. मांडवीच्या काठाकडे उतरणाऱ्या एका कच्च्या वाटेवर माझ्या मित्राची जुनी फोर बाय फोर जीप तिरकी होऊन उभी होती. पुढचं उजवं चाक पाण्याने कोरलेल्या घळीत लटकलं होतं आणि मागचं डावं चाक शेताच्या मेरेवरून सुटून जमिनीला जेमतेम टेकलं होतं. मित्राने फोर-लो, म्हणजे चारही चाकांना ओढायला लावणारा सावकाश गियर, टाकला, क्लच सोडला, इंजिन घुमलं. पुढचं उजवं गरगर फिरलं, मागचं डावंही फिरलं, आणि तांबडा चिखल आमच्या छत्र्यांवर उडाला. उरलेली दोन चाकं घट्ट जमिनीवर होती, त्यांच्याखाली चिऱ्याचा टणक खडक होता, आणि ती अजिबात हलत नव्हती.

बघ्यांत एक शाळकरी मुलगा होता. त्याने विचारलं, "भाई, ही चारही चाकांनी ओढणारी गाडी ना? मग दोनच का फिरतात? आणि ज्यांना धरायला जमीन आहे तीच का उभी?"

मित्र गप्प राहिला. मीही गप्प राहिलो. जीपवर चाळीस वर्षं प्रेम केलेला माणूस आणि मोटारींबद्दल लिहिणारा माणूस, दोघांकडे त्या मुलाला देण्याजोगं सरळ उत्तर नव्हतं. पुढचे काही महिने मी त्या उत्तराच्या मागे डिचोली, साखळी, पेडणे असा हिंडलो.

जीप त्या दिवशी निघाली ती एका निवृत्त टिप्परचालकामुळे. खनिज वाहण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. स्कूटर बाजूला लावून त्यांनी आधी गाडीभोवती एक फेरी मारली, वाकून चारही चाकं पाहिली. आम्ही दगड गोळा करून आणले होते आणि ते उभ्या चाकांमागे ठासत होतो. त्यांनी ते काढायला लावले. चिऱ्याचे तुकडे फिरणाऱ्या चाकांखाली घाला, म्हणाले, जे उभं आहे त्याचं काही दुखत नाही. मग मित्राला त्यांनी रेस हलकी ठेवून पायाचा ब्रेक अगदी किंचित दाबायला सांगितलं. जीप कण्हली, एक हात पुढे सरकली, आणि निघाली.

दगड तिथेच का घालायचे आणि पुढे जायचं असताना ब्रेक का दाबायचा, या दोन प्रश्नांत डिफरन्शियलचं, म्हणजे दोन चाकांत फेरे आणि जोर वाटणाऱ्या दातेरी यंत्राचं, सगळं शास्त्र आलं.

सुरुवात डांबरी रस्त्यावरच्या वळणापासून करू. गाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला मोठा फेरा पडतो आणि आतल्याला छोटा. हा फरक मोजता येतो. दोन चाकांमधलं अंतर दीड मीटर असेल तर एका काटकोनी वळणात बाहेरचं चाक आतल्यापेक्षा सुमारे २.३६ मीटर जास्त चालतं. वळण अरुंद असो की ऐसपैस, आकडा तोच राहतो, कारण तो फक्त दोन चाकांमधल्या अंतरावर ठरतो. आजच्या जीपवर्गातल्या गाडीच्या टायरचा घेर साधारण अडीच मीटर. म्हणजे घराच्या कोपऱ्यावर नुसतं वळलं तरी बाहेरचं चाक जवळजवळ एक पूर्ण फेरा जास्त मारतं.

बैलगाडीला ही अडचण कधीच आली नाही. तिची चाकं आसावर मोकळी फिरतात, कारण ओढणारे बैल आहेत, चाकं नुसती चालतात. चाकानेच ओढायचं ठरलं तेव्हा पेच आला. दोन चाकं एकाच दांड्याला जखडली तर वळणावर एक घसटणार. आणि एकच चाक जोडलं तर अर्धी ताकद गेली. १८२७ मध्ये ओनेसिफोर पेकर नावाच्या फ्रेंच माणसाने वाफेच्या गाडीसाठी यावर दातेरी चाकांचा तोडगा काढला आणि त्याचं पेटंट घेतलं. आपल्या गॅरेजमध्ये ज्याला नुसतं 'डिफ' म्हणतात तो आजही मुळात तोच आहे. इंजिनाकडून येणारा टेल पिनियन मोठ्या क्राऊनला फिरवतो, क्राऊनला केज बांधलेली असते, केजमध्ये छोटे स्टार गियर असतात आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना एकेका चाकाच्या शाफ्टचा गियर.

डिचोलीत एका गॅरेजच्या टेबलावर मी अशी उघडी केज हातात घेऊन पाहिली. केज धरून ठेवून एका बाजूचा गियर पुढे फिरवला की दुसऱ्या बाजूचा तेवढाच मागे फिरतो. हे घरीही पाहता येतं. मागून ओढणाऱ्या गाडीची मागची दोन्ही चाकं जॅकवर भक्कम उचला, पुढच्या चाकांना ओट लावा, इंजिन बंद ठेवून गाडी गियरमध्ये टाका आणि एक चाक हाताने फिरवा. दुसरं उलटं फिरेल. ज्याने हे एकदा पाहिलं त्याला चित्रांची गरज उरत नाही.

पण फेऱ्यांची वाटणी ही अर्धी गोष्ट झाली. उरलेली अर्धी जोराची. तिथे मला मदत झाली ती शेतातल्या जुवाची.

जोत धरलेलं आठवा. दोन बैलांच्या मानेवर जू, आणि जुवाचा मध्य नाड्याने इसाडाला बांधलेला. मध्यावर बांधलेलं जू म्हणजे एक तागडी. एक बैल दमला, त्याने अंग सोडलं, तर दुसरा कितीही तगडा असला तरी त्याच्या जोराने नांगर पुढे जात नाही. जू वाकडं होतं, तगडा बैल पुढे जातो, दमलेला मागे येतो. नांगराला मिळतो तो दमलेल्या बैलाच्या जोराच्या दुप्पट, त्याहून जास्त नाही. तगड्याचा उरलेला जोर जू तिरकं करण्यात जातो.

मोकळा डिफ हे असं मध्यावर बांधलेलं जू आहे. तो दोन्ही चाकांना नेहमी सारखाच पीळ देतो, आणि तो किती द्यायचा हे कमजोर चाक ठरवतं. पुष्कळ लोक म्हणतात की डिफ सगळी ताकद घसरणाऱ्या चाकाकडे पाठवतो. हे बरोबर नाही. घसरणाऱ्या चाकाकडे फेरे जातात, ताकद जात नाही, कारण हवेत फिरणाऱ्या चाकाला ताकद लागतच नाही. त्याला जवळजवळ शून्य पुरतं, म्हणून खडकावर उभ्या असलेल्या त्याच्या जोडीदारालाही जवळजवळ शून्यच मिळतं. मुलाच्या प्रश्नाचं उत्तर हे होतं.

मित्राची जीप चार चाकांनी ओढत होती हेही खरं होतं. अशा जीपमध्ये ट्रान्सफर केस पुढचा आणि मागचा प्रोपेलर शाफ्ट एकत्र जखडते. पुढच्या जोडीला आणि मागच्या जोडीला फिरावंच लागतं. पण प्रत्येक जोडीच्या पोटात मोकळा डिफ बसलेला आहे. पुढचा एक बैल दमला आणि मागचा एक दमला की दोन्ही जुवं वाकडी. कोपऱ्यासमोरच्या कोपऱ्यातली दोन चाकं सुटली की चारही चाकांनी ओढणारी गाडी अशी अडून बसते. उंचसखल वाटेवर गाडी तिरकी चढवली की नेमकं हेच घडतं.

आता टिप्परवाल्या काकांचा ब्रेक. फिरणाऱ्या चाकाला ब्रेकने थोडं अडवलं की त्याला फिरवायला जोर लागू लागतो, आणि जेवढा त्याला लागतो तेवढाच जोडीदाराला मिळतो. दमलेल्या बैलाला मागून टेकू दिल्यासारखं. म्हणून ब्रेक दाबून गाडी पुढे जाते. आजच्या गाड्यांमध्ये हेच काम संगणक करतो: एबीएसचे सेन्सर कुठलं चाक सुटलं ते पाहतात आणि संगणक फक्त त्याच चाकाचा ब्रेक टपटप दाबतो. २०२० च्या महिंद्रा थारमध्ये आणि २०२३ च्या मारुती जिम्नीमध्ये ही सोय आहे. इथे एक बारकावा आहे. मूळ विलिस जीपचा हँडब्रेक चाकांवर नव्हता, ट्रान्सफर केसच्या मागे, प्रोपेलर शाफ्टवर होता. तिथे तो ओढून काही उपयोग नाही, कारण तो डिफच्या अलीकडे आहे. तो अख्खं जोत थांबवतो, एका बैलाला वेगळं धरू शकत नाही. युक्ती पायाच्या ब्रेकनेच जमते.

महिंद्राने १९४० च्या दशकाच्या अखेरीस विलिसच्या जीप भारतात जुळवायला घेतल्या. पुढची कित्येक दशकं त्या मोकळ्या डिफवरच चालल्या. सरकारी खात्यांत, खाणींत, जंगलात आणि गोव्याच्या कच्च्या रस्त्यांवर. १९८५ ची मारुती जिप्सीही तशीच. त्या काळच्या चालकाकडे डिफ जखडणारा लॉक नव्हता, म्हणून त्याला जमीन वाचावी लागे. कुठलं चाक कुठे सुटेल हे तो गाडी घालण्याआधी उतरून पाही. काकांनी आल्या आल्या फेरी मारली ती याच सवयीने.

आणि आता लॉक. लॉक म्हणजे जू इसाडाला आडव्या दांड्याने पक्कं जखडणं. मग ते वाकडं होऊच शकत नाही. दोन्ही शाफ्ट एक होतात, दोन्ही चाकं बरोबर फिरतात, आणि ज्याच्याखाली जमीन आहे ते आपल्या पकडीपुरता पूर्ण जोर लावतं.

याचा ढोबळ हिशेब मी वहीत मांडून पाहिला. समजा १,८०० किलोची गाडी, प्रत्येक चाकावर ४५० किलो. ओल्या शाडूसारख्या चिखलात चाकाची पकड भाराचा पाचवा हिस्सा धरू, म्हणजे ९० किलोचा जोर. चिऱ्याच्या खडबडीत पाठीवर दहात सहा हिस्से, म्हणजे २७०. पुढची दोन्ही चाकं चिखलात आहेत: ९० आणि ९०. मागचं एक चिखलात, एक चिऱ्यावर. मोकळ्या डिफने मागची जोडीही ९० आणि ९०च देणार. एकूण ३६०. आता चार मीटर वाटेला एक मीटर चढ असेल तर गाडी नुसती वर ओढायला ४५० किलोचा जोर हवा. गाडी अडकली. मागचा डिफ लॉक करा: ९० अधिक २७०, पुढचे १८० धरून ५४०. गाडी चढली, आणि चिखल कापायला ९० किलो हाताशी उरले. इंजिन तेच, टायर तेच, चालक तोच.

चढावर भार मागे सरकतो, म्हणून मागच्या चाकांना जास्त पकड मिळते, म्हणून आधी मागचा लॉक आणि अगदीच अडलं तर पुढचा. फोर्सच्या गुरखात दोन्हीकडे हाताने टाकायचे लॉक आहेत. थारच्या काही प्रकारांत मागे स्वतःहून लागणारा यांत्रिक लॉक येतो. दोन चाकांच्या फेऱ्यांत मिनिटाला सुमारे शंभराचा फरक पडला की आतलं छोटं वजन बाहेर फेकलं जातं, खटका अडकतो आणि 'खट्' होऊन जोडी जखडते. त्याचा अर्थ असा की चाक आधी थोडं घसरावंच लागतं. नवखा माणूस चाक फिरलं की घाबरून पाय काढतो आणि लॉक लागायच्या आत प्रयत्न सोडतो. पाय हलका पण स्थिर ठेवून ती 'खट्' ऐकू येईपर्यंत थांबलं पाहिजे. २०२४ च्या थार रॉक्सच्या फोर बाय फोरमध्ये हा लॉक बटणावर आला. म्हणजे चाक घसरायच्या आधीच तो लावता येतो, आणि तो कधी लावायचा हे पुन्हा चालकाने ठरवायचं आहे. मला हा बदल मनापासून आवडला.

लॉक ही काही हौशी लोकांचीच गोष्ट नाही. डिचोली तालुक्यात तो शेतातही वापरला जातो. ट्रॅक्टरवर बसा, उजव्या टाचेजवळ एक छोटं पेडल असतं. नांगरताना एक चाक तासात आणि एक वर, एक सुटायला लागलं की टाच दाबायची, चाकं धरतात. शेताच्या टोकाला वळायच्या आत टाच उचलायची. ज्याने ती उचलली नाही त्याचा ट्रॅक्टर वळत नाही, सरळ मेरेवर जातो. पॉवर टिलरची गंमत आणखी वेगळी. त्यात वळायचं तर मुठीखालची कळ दाबून त्या बाजूच्या चाकाचा जोरच तोडतात. तिथे जू सदा बांधलेलं असतं, वळण्यापुरता एक बैल सोडायचा. खाजनातल्या गुडघाभर चिखलात हे यंत्र का चालतं याचं अर्धं कारण इथे आहे, अर्धं त्याच्या लोखंडी पिंजऱ्याच्या चाकांत.

आणि टिप्पर. आमोण्यात डिफबद्दल बोलायचं आणि टिप्परबद्दल नाही, हे होणारच नाही. या रस्त्यांवरून खनिज धक्क्यांकडे गेलं, तिथून बार्जमधून मांडवीने खाली. इथेच सेसा कंपनीचा बिडाचा कारखाना आहे. ओतकामाच्या कारखान्यांना लागणारं बीड तिथे तयार होतं, आणि डिफची केज, त्याचं घर हे बहुतेकदा ओतीव लोखंडाचं काम. २०१२ च्या सप्टेंबरात खाणी बंद झाल्या, मध्यंतरी सुरू झाल्या, मग ७ फेब्रुवारी २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने त्या वर्षीच्या मार्चात पुन्हा थांबल्या. घराघरांपुढे टिप्पर गंजत उभे राहिले. २०२४ मध्ये डिचोलीच्या पट्ट्यात काम परत सुरू झालं, पण मधल्या वर्षांत कितीतरी चालकांनी स्टिअरिंग कायमचं सोडलं. त्यांच्याबरोबर पावसाळ्यातल्या तांबड्या मातीची एक समज गेली. ती कुठल्या पुस्तकात नोंदलेली नाही, आणि मला त्याची खंत वाटते.

दहा चाकी टिप्परमध्ये एक डिफ प्रत्येक मागच्या आसात आणि तिसरा त्या दोन आसांच्या मध्ये. सगळे मोकळे असले तर एका बाजूची एक चाकजोडी घसरली की मागची आठही चाकं लुळी. म्हणून त्यांत मधला लॉक आणि आसाचा लॉक असे वेगवेगळे असतात. गाडी थांबवून किंवा रांगत असताना लावायचे, चाक जोरात फिरत असताना कधीच नाही. फिरत्या चाकावर लॉक टाकला की खटक्याचे दात उडतात. आणि लॉक लागल्यावर सगळा पीळ एकाच चाकाच्या शाफ्टमधून जाऊ शकतो. मोकळ्या डिफमध्ये जो शाफ्ट कधी अर्ध्याहून जास्त भार सोसत नव्हता तो अचानक पूर्ण सोसतो, आणि तुटतो. डिचोलीच्या गॅरेजात भिंतीला टेकवून ठेवलेला एक तुटका हाफ शाफ्ट मी पाहिला. पिळून तुटलेला, उसाच्या चरकातून निघाल्यासारखा.

लॉकचा आणखी एक धोका आहे, आणि तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण त्यावर कोणी बोलत नाही. वाट एका बाजूला कललेली असेल, खाली शेत असेल, आणि माती ओली असेल, तेव्हा लॉक लावू नये. चाक फिरून घसरायला लागलं की त्याची आडवी पकडही जाते. मोकळ्या डिफमध्ये एक चाक फिरतं, पण दुसरं उभं असतं, आणि ते उभं चाकच गाडीचा मागचा भाग खाली सरकू देत नाही. लॉक केलं की दोन्ही एकदम फिरतात, दोन्हींची आडवी पकड जाते आणि गाडीची शेपटी अलगद उताराकडे जाते. त्या जुलैत आमच्या जीपला लॉक असता आणि मित्राने तो तिरक्या उभ्या गाडीत घाईने टाकला असता तर आम्ही खालच्या भातात असतो.

पेडण्याचे सडे पाहिले तेव्हा हे आणखी पटलं. वर जांभ्याची काळवंडलेली पाठ, पावसातही चाकाला खरखरीत धरणारी. पण शेवाळ धरलेल्या जागी तीच पाठ काचेसारखी. आणि मध्ये वीतभर मातीचे खळगे, त्यांत पावसाळ्यापुरती उगवणारी नाजूक रोपटी. तिथे फिरवलेल्या चाकाची खूण पाऊस गेला तरी राहते. लॉक लावून सावकाश गेलेली गाडी माती कमी उकरते, हे खरं. पण त्या सड्यावर गाडी न घालणं त्याहून बरं. मांद्रे-मोरजीच्या वाळूचंही तेच. भाड्याची जीप, काळी पाटी, पिवळे आकडे, आणि भरतीच्या पाण्यात बुडत चाललेली चाकं, असं चित्र दर वर्षी दिसतं. किनाऱ्यावर गाडी नेणं गोव्यात कायद्याने मना आहे, आणि मोरजीच्या वाळूत सागरी कासवं अंडी घालतात. शिवाय वाळूत चारही चाकं सारखीच रुततात. चारही बैल सारखेच दमलेले असतील तर जू बांधून काय मिळणार? तिथे टायरची हवा कमी करणं हाच पहिला उपाय असतो. लॉक फक्त चाकाचाकांतला फरक भरून काढतो. जमिनीत नसलेली पकड तो आणू शकत नाही.

ज्यांना हे सगळं एकत्र बघायचं आहे त्यांच्यासाठी रेनफॉरेस्ट चॅलेंज आहे. मलेशियात १९९७ मध्ये सुरू झालेली ही स्पर्धा २०१४ मध्ये भारतात आली, ती गोव्यात, भर पावसात. पुढे-मागे लॉक बसवलेल्या जीप आणि जिप्सी, विंच, आणि प्रत्येक गाडीत चालकाबरोबर एक सहचालक. तो बहुतेक वेळ गाडीबाहेर असतो. चिखलात उभा राहून चाकं बघतो, हाताने खुणा करतो. आत बसलेल्याला आपली चाकं दिसत नाहीत. काकांची ती फेरी स्पर्धेतसुद्धा कुणालातरी मारावीच लागते.

गणपतीनंतर मित्राच्या भाच्याच्या नव्या गाडीतून आम्ही पुन्हा त्याच वाटेने गेलो. काका मागच्या सीटवर. घळीपाशी भाच्याने गाडी थांबवली आणि काही न सांगता उतरला, चारही चाकांना प्रदक्षिणा घातली, परत येऊन फोर-लो टाकला, वाट सरळ चढाची आहे तेवढ्यापुरता मागचा लॉक लावला. मागचं डावं चाक मेरेवरून सुटलं, हवेत राहिलं, आणि उजव्याच्या बरोबरीने सावकाश फिरत राहिलं. गाडी थबकली नाही. चिखल उडाला नाही.

वर डांबर लागलं. खांडोळ्याच्या पुलाकडे वळायच्या आधी स्टिअरिंग जड झालं, आतलं चाक घसटून कुरकुरलं. भाच्याने बटण दाबलं, तरी लॉक सुटेना. शाफ्टमध्ये पीळ अडकून राहिला होता. काका मागून म्हणाले, "वायच फाटीं घे, बाबा." त्याने गाडी हातभर मागे घेतली. आसातून एक हलकी 'टक्' आली, स्टिअरिंग सैल झालं, आणि गाडी पुलाकडे वळली.